सगळ्यांना एकच माप

३ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी दुकानात पोचले तेव्हा मागच्या खोलीत पांढऱ्या कॉटनचं थान, म्हणजे अख्खा ताका, येऊन पडलं होतं. पहिलं काम ते भिजवायचं. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. न भिजवता कापलं तर पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक आखूड झालेला कुर्ता घेऊन दारात उभं राहतं. म्हणून कापड पाण्यात बुडवायचं, पिळायचं नाही, नुसतं निथळू द्यायचं. ऑगस्टात ऊन नसतं. मी पंख्याखाली दोऱ्या बांधल्या आणि खोलीभर पांढऱ्या पट्ट्या लटकवल्या.

जबलपूरच्या सदर बाजारातल्या एका लेडीज टेलरिंगच्या दुकानात मी कटिंग मास्टर आहे. म्हणजे कापड कापणारी. शिवणारे कारागीर वेगळे. शिवण चुकली तर उसवता येते, कात्री चुकली तर कापड गेलं. म्हणून कापणाऱ्याला मान जास्त आणि बोलणीही जास्त. जबलपूरला सलवार-सुटांचा मोठा धंदा आहे. इथले सूट ट्रक भरभरून बाहेरगावी जातात. मी सुरुवातीला अशाच एका रेडीमेडच्या कारखान्यात होते. तिथे कापणारे सगळे पुरुष, त्यांना मास्टरजी म्हणत. मला काय म्हणावं ते कुणाला सुचेना. शेवटी ‘मास्टर दीदी’ झालं. ते नाव पुढे या दुकानातही माझ्या मागे आलं.

सेठजी त्या दिवशी खुशीत होते.

“दीदी, कॉलेज का ऑर्डर है. फ्रेशर लड़कियों के सफ़ेद सूट. सोमवार से कॉलेज खुल रहा है, रविवार को देना है.”

“माप कहाँ है?”

“माप का झंझट ही नहीं. सबका एक. चव्वालीस.”

चव्वेचाळीस म्हणजे छातीचं माप, इंचात. ते भरल्या अंगाच्या, दोन-तीन मुलांच्या आईचं माप असतं. नुकत्या बारावी झालेल्या मुली बत्तीस-चौतीसच्या असतात. मला वाटलं, सेठजींनी ऐकण्यात चूक केली.

चूक नव्हती. तासाभराने ऑर्डर देणारी मुलगी स्वतः आली. निधी नाव. शहराबाहेरच्या एका खासगी फार्मसी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण असले नियम एकाच कॉलेजात असतात असं नाही. सीनियर मुलींनी नव्या मुलींना फोनवर हुकूम पाठवला होता, तो तिने मला वाचून दाखवला. पांढरा सूट. छाती चव्वेचाळीस, सगळ्यांची. कुर्ता गुडघ्याखाली. बाह्या मनगटापर्यंत. टक्स नाहीत. टक्स म्हणजे कुर्ता अंगाला बसावा म्हणून छातीखाली घालतात त्या बारीक चिमट्या. केसांना तेल, दोन वेण्या. पहिले तीन महिने याशिवाय दुसरं काही घालायचं नाही.

“ये चव्वालीस किसका माप है?” मी विचारलं.

“किसी का नहीं, आंटी. यही तो पॉइंट है.” ती हसली. “फ्रेशर हैं. हीरोइन बनके थोड़ी आएँगी.”

ती गेल्यावर सेठजी हात चोळत म्हणाले, एकाच मापाचं काम म्हणजे केवढं सोपं. खरंच सोपं. कापडाचे थर एकावर एक घालायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि एकदाच कात्री चालवायची. कारखान्यात मी वर्षानुवर्षं तेच केलं. पण कारखान्यात कुर्ता कोण घालणार ते ठाऊक नसतं. इथे ठाऊक होतं.

दुपारी त्यातली एक आलीच. आईबरोबर. आई माझ्या ओळखीची. आम्ही दोघी अधारतालला राहतो, वस्तीतल्या विहारात भेटतो. शीलाताई. आमच्या दोघींचे आजोबा नागपूरकडून इथल्या फॅक्टरीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. शीलाताईंच्या घरी अजून तिकडचं मराठी बोलतात. मुली मात्र अर्ध्या हिंदीत.

शीलाताईंनी दोरीवरचं कापड बोटांत धरून पाहिलं. “चांगलं आहे बापा कापड. मी तर म्हणून राहिली, किती छान नियम आहे कॉलेजचा. पहिल्या दिवशी पोरगी पांढऱ्यात जाईन.”

हे नीट सांगायला हवं. त्याच सकाळी दुसरी एक आई कपाळाला आठ्या घालून गेली होती. पोरीला पहिल्याच दिवशी पांढरं काय म्हणून, हे तर अपशकुनाचं. सीनियर मुलींच्या मनातही तेच होतं. रंग नाही, नक्षी नाही, म्हणजे शिक्षा. पण आम्ही बौद्ध. आमच्याकडे बुद्धपौर्णिमेला पांढरं, वंदनेला पांढरं, लग्नात नवरी पांढऱ्या साडीत. आमच्या बायकांच्या कपाटात सगळ्यात जपून ठेवलेली साडी पांढरी असते. ही शिक्षा शीलाताईंच्या घरी पोचेपर्यंत तिचा सण झाला होता.

“आई, सफेदचा प्रॉब्लेम नाहीच आहे,” मुलगी म्हणाली. तिचं नाव प्रज्ञा. “चव्वालीसचा आहे.”

माणूस समोर उभं राहिलं की मला माप कळतं. प्रज्ञा तीसची होती. उंचीला माझ्या कानापर्यंत. खुंटीवर एका गिऱ्हाइकाचा चव्वेचाळीसचा कुर्ता लटकत होता. तिने तो न विचारता काढला आणि आपल्या कपड्यांवरून डोक्यातून घातला. खांद्याची शिवण कोपरापाशी आली. गळा एका बाजूला घसरला. मशीनवरचे दोन्ही कारागीर हसले. शीलाताई हसल्या. मीसुद्धा.

ती हसली नाही. “बघा मौसी. आत्ता तुम्ही चार लोक हसले. तिकडे पूरा कॉलेज हसेल. रोज. तीन महिने.”

“काहून इतकं मनाला लावून घेऊन राहिली?” शीलाताई म्हणाल्या. “कपडाच तर आहे.”

“निकिताताईचं पण कपड्यापासूनच सुरू झालं होतं.”

शीलाताईंनी दोरीवरचं कापड उगाच सरळ केलं. निकिता त्यांची थोरली. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कॉलेजात गेली होती. महिना व्हायच्या आत घरी परत आली, ती पुन्हा गेलीच नाही. काय झालं ते तिने कुणाला धड सांगितलं नाही. आता घरी शिकवण्या घेते. वस्तीत सगळ्यांना एवढंच माहीत की तिला अभ्यास झेपला नाही. निकिता बारावीला आमच्या गल्लीत पहिली होती.

मी प्रज्ञाला विचारलं, कॉलेजच्या भिंतींवर रॅगिंगविरुद्ध तक्रारीचे नंबर लावलेले असतात, तिकडे फोन का करत नाहीस?

“काय सांगू? कुर्ता ढीला आहे? मारलं तर कंप्लेंट होते, मौसी. कपड्याची कोण घेणार?” मग ती खाली बघत म्हणाली, “मला माझ्या मापाचा शिवून द्या. बाकी मी बघते. आणि तो पोत्यासारखा बोराच घालायचा असेल ना, तर मी जातच नाही. ताईसारखं महिन्याने परत येण्यापेक्षा आत्ताच नाही जात.”

नुसतं बोलायचं म्हणून ती हे बोलत नव्हती. मी टेप काढली आणि माप घेतलं. तेवढ्यात निकिताचं तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिने हळू आवाजात सांगितलं. तीस, साडेतेरा खांदा. शब्द काही दिला नाही.

संध्याकाळी तिचे बाबा आले. ड्युटीवरून थेट, हेल्मेट हातात.

“ताई, तुम्ही ढिलाच शिवा.”

“का, भाऊ?”

“आपल्यासारख्यांनी पहिल्या दिवशी नजरेत नाही यायचं. कोणत्या कोट्यातल्या सीटवर आली, काय आडनाव, त्यांना सगळं माहीत असते. निकिता एकदा उलट बोलली, म्हणून तिच्या मागं लागले. हिनं तीन महिने गपचूप काढावे. मग झालंच ना.”

“प्रज्ञा तर म्हणते, निकिताने सगळं ऐकलं होतं. रोज नवीन काहीतरी. ती ऐकत गेली, ते वाढवत गेले. उलट बोलली ती शेवटच्या दिवशी.”

हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला कळलं नाही.

मी म्हटलं, “आणि भाऊ, तीसची पोरगी चव्वेचाळीसच्या कुर्त्यात नजरेत येणार नाही, तर काय होईल? लांबून दिसेल.”

त्यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. “तुम्हाला काय करायचं ते करा. मला विचारून तर कोणी नाहीच राहिलं,” म्हणाले आणि गेले.

शुक्रवारी मी कापायला घेतलं. इथे थोडं कामाचं सांगावं लागेल. कुर्ता छातीवर बसत नाही, खांद्यावर बसतो. खांदा आणि मुंढा जमला की बाकीचं बाजूंनी आत घेता येतं. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल काप. खांदा एकदा मोठा कापला की मग बाजू कितीही आत घ्या, कुर्ता उसना आणल्यासारखाच दिसतो. तेव्हा मी थर घातले, लांबी कापली, बाजू चव्वेचाळीसच्या कापल्या. वर माया ठेवली. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, पुढे सैल करायला लागलं तर असावं म्हणून. गळा, खांदा आणि मुंढा मात्र नुसता खडूने आखला. कापला नाही.

सेठजी बघायला आले. तीस वर्षं दुकान चालवूनही त्यांना सरळ कापता येत नाही, पण काय राहिलं ते लगेच दिसतं.

“कंधे क्यों छोड़े?”

“ट्रायल पर कटेंगे.”

“ट्रायल किसने बोला?”

“मैंने.”

त्यांनी खुर्ची ओढली. “दीदी, थोक का काम है. थोक में ट्रायल होता है क्या? ऑर्डर उस लड़की का है, उसने चव्वालीस बोला है.”

“पहनेगी वो?”

“पहने कोई भी!”

“जो पहनेगी, ग्राहक वो है. बाहर बोर्ड पर आपने ही लिखवाया है, ट्रायल के बाद फिटिंग मुफ़्त.”

“वो बोर्ड तो...” सेठजींनी दाराबाहेर बोर्डाकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज चढला. “हर साल का काम है ये. हाथ से चला जाएगा. दुकान आपकी है या मेरी?”

“दुकान आपकी. कैंची मेरी.”

कात्री खरोखरच माझी आहे. कटिंग मास्टर आपली कात्री स्वतः आणतो, दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नाही. मी ती मिटून कापडाच्या थप्पीवर ठेवली आणि हात बांधून उभी राहिले. मशीन चालायची थांबली होती. रविवारपर्यंत दुसरा कापणारा मिळणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला भीती वाटली नाही असं नाही. या वयात नवी नोकरी सहज मिळत नाही. पण एखाद्या पोरीला विद्रूप दिसायला मदत करायची, आणि तीही माझ्या हातच्या कात्रीने, हे मला मान्य नव्हतं. माझं सगळं आयुष्य बरोबर उलटं काम करण्यात गेलं आहे.

शेवटी सेठजी म्हणाले, “ठीक है. ट्रायल कर लो. लेकिन जो लड़की ख़ुद चव्वालीस बोलेगी, उसको चव्वालीस ही मिलेगा. आप समझाने नहीं बैठेंगी.”

“मंज़ूर.”

ते बरोबरच होतं. निधीने सगळ्यांना एक माप लावायचं आणि मी सगळ्यांना दुसरं शहाणपण लावायचं, यात फार फरक नाही.

मुलींना बोलवायचं काम प्रज्ञाने केलं. त्यांच्या ग्रुपवर सीनियर होत्या, म्हणून तिने प्रत्येकीला वेगळा निरोप पाठवला. निरोप मी सांगितला: पांढरं कापड अंगावर आरपार दिसतं, अस्तर लागेल की नाही ते घालूनच कळतं, रविवारी ट्रायलला या. यातला शब्दही खोटा नव्हता.

रविवारी सगळ्या आल्या. बहुतेक आयांबरोबर. एकमेकींना त्या पहिल्यांदाच भेटत होत्या. आतापर्यंत फक्त फोनवर हुकूम वाचत होत्या, आपापल्या घरात, एकेकट्या. बाकावर दाटीवाटीने बसल्यावर पाच मिनिटांत कलकलाट सुरू झाला. तुलाही तेल सांगितलं का? मला बसमध्ये बसायचं नाही असं सांगितलंय. मलाही.

पहिली ट्रायल प्रज्ञाची. तिच्या अंगावरच मी खांद्याला खडू लावला, मुंढा कापला, बाजू कच्च्या टाक्यांनी आत घेतल्या. टक्स एकही घातला नाही. पडदा सारून ती बाहेर आली. साधा पांढरा कुर्ता, गुडघ्याखाली, मनगटापर्यंत बाह्या. मग मंडल्याहून आलेल्या एका मुलीची आई म्हणाली, “ये तो डॉक्टरनी लग रही है.”

“हमको भी ऐसा ही,” बाकावरची एक म्हणाली.

मग रांगच लागली. सगळ्यांत मागे एक थोराड बांध्याची मुलगी भिंतीला चिकटून उभी होती. नंबर आला तरी पुढे येईना. तिला चव्वेचाळीस तंग होत होता. सीनियरना वाटलं होतं, या मापात सगळ्या जणी हरवून जातील. ही त्यात मावतच नव्हती, आणि आता सगळ्यांसमोर ते कळणार म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तिला आत घेतलं आणि शिवणीतली माया सोडली. दोन्ही बाजूंनी कापड सुटलं. बसला.

“मेरा साइज़ बहुत बड़ा है ना, दीदी?”

“कुर्ता छोटा था,” मी म्हटलं. “हाथ ऊपर करो.”

चौघी जणींनी मात्र चव्वेचाळीसच मागितला. एकीच्या वडिलांनी तर फोनवरूनच बजावलं होतं, जसं सांगितलंय तसंच. मी कबूल केल्याप्रमाणे काही समजवायला बसले नाही. त्यांचे खांदे मोठे कापले.

चारच्या सुमाराला निधी आली. बरोबर तिची एक मैत्रीण. दारातच थांबली. आतमध्ये सात-आठ मुली पांढऱ्यात उभ्या होत्या, आरशासमोर ढकलाढकली चालली होती.

“ये क्या है? आंटी, ये क्या सिला है आपने?”

आया माझ्याकडे बघू लागल्या.

“सफ़ेद बोला था, सफ़ेद है,” मी म्हटलं. “घुटने के नीचे, है. बाजू कलाई तक, है. टक्स एक भी नहीं. गिन लो.”

“चव्वालीस बोला था!”

“चव्वालीस ही कटा है. बाकी कपड़ा अंदर है. उधेड़ के देख लो.”

मंडल्याच्या मुलीला हसू फुटलं. निधीने तिच्याकडे असं पाहिलं की तिने तोंडावर ओढणी धरली.

“आंटी, आप बीच में मत पड़िए.” निधीचा आवाज आता जरा वेगळा येत होता. “मैंने पूरे तीन महीने पहना है. पचास का था मेरा. किसी ने फिटिंग नहीं की मेरी.”

“तो ग़ुस्सा उन पर करो जिन्होंने पहनाया. इन्होंने क्या किया है?”

क्षणभर मला वाटलं, ही आता बसेल, पाणी मागेल. पण तिच्या मैत्रिणीने फोन काढून सगळ्यांचे फोटो घ्यायला सुरुवात केली. निधी म्हणाली, “कल देखते हैं,” आणि दोघी निघून गेल्या.

सोमवारी मी दिवसभर काम करत होते, पण लक्ष फोनकडे होतं. संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला.

“बोल. कसं झालं?”

“बसमध्ये उभं केलं. ठीक आहे, उभं राहिलो सगळ्या. मग कँटीनच्या मागे इंट्रो झाला. मला विचारलं, ये सूट किसके दिमाग़ से निकला. मी म्हटलं, मॅम, हमारे घर में सफ़ेद त्योहार पर पहनते हैं. आपने पहले दिन के लिए सफ़ेद बोला, तो मम्मी बहुत खुश हुई. थैंक्यू.”

“हे तू त्यांना म्हणालीस?”

“खरंच तर आहे ना, मौसी. आई खुश झालीच होती.”

“मग?”

“एक सीनियर हसली. बाकीच्यांना राग आला. आत्ता ग्रुपवर मेसेज आला. सफ़ेद बंद. परवापासून सगळ्यांनी ग्रे घालायचा. चव्वालीस.”

मी कपाळाला हात लावला. पांढरं ही शिक्षा राहिली नाही म्हटल्यावर त्यांनी रंगच बदलला होता.

“मी सफ़ेदच घालणार,” प्रज्ञा म्हणाली. “आज त्यांनी सांगितलं म्हणून घातला. आता नको म्हणून राहिले ना, तर आता मी घालून दाखवते.”

मागून शीलाताईंचा आवाज आला, “ताईले सांग, अजून दोन शिवायचे आहेत. एक कुर्ता रोज कोण धुऊन राहिलं?”

“आणि बाबा काय म्हणतात?”

“तोच सूट प्रेस करून राहिले.”

पुढचं थोडक्यात सांगते. पाच जणी शेवटपर्यंत पांढऱ्यात राहिल्या. त्यांना बसमध्ये बरेच दिवस बसू दिलं नाही. कँटीनमध्ये त्यांच्या टेबलाशी कुणी येत नसे. सगळ्यात जास्त नुकसान नोट्सचं झालं. सीनियर आपल्या जुन्या नोट्स ज्युनियरना देतात. यांना कुणी दिल्या नाहीत. पाच जणींनी मिळून स्वतःच्या काढल्या. तीन महिने उलटले तरी हुकूम कुणी मागे घेतला नाही. डिसेंबरात थंडी पडली, सगळ्यांच्या अंगावर स्वेटर चढले आणि कुणी काय घातलंय ते दिसायचंच बंद झालं. तिथे ते प्रकरण संपलं. कुणी माफी मागितली नाही. मोठे नियम बहुतेक वेळा असेच मरतात, हवा बदलली म्हणून. तोवर उभं राहता आलं पाहिजे, एवढंच.

प्रज्ञा आता तिसऱ्या वर्षाला आहे. मी तिला मध्यंतरी विचारलं, तुम्ही नव्या मुलींना बसमध्ये उभं करता का? नाही म्हणाली. खरं-खोटं त्या बसलाच ठाऊक.

मंगळवारची सकाळ सांगायची राहिली. मी पोचले तेव्हा टेबलावर करड्या कापडाचं थान होतं. सेठजींनी आदल्या रात्रीच निधीला फोन करून, या वेळी तुम्ही म्हणाल तसंच करू, असं सांगून ठेवलं होतं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “सबका एक माप. चव्वालीस.”

मी थान उचललं, टबात भिजत घातलं. मग मुलींचे नंबर घेऊन एकेकीला फोन केला. म्हटलं, करडा कुर्ता ज्यांना हवाय त्यांनी माप द्यायला या. माप दिल्याशिवाय कात्री चालणार नाही. नको असेल तर येऊ नका. सेठजी ऐकत होते. शेवटी उठून चहा सांगायला बाहेर गेले.

दुपारपर्यंत तिघी आल्या. रविवारी ज्यांनी चव्वेचाळीस मागितला होता त्यातल्या दोघी. आणि तिसरी, आदल्या दिवशी पांढऱ्यात गेलेली. तीच ती, कुर्त्यात न मावलेली. खाली मान घालून म्हणाली, “दीदी, मुझसे नहीं होगा. मैं ग्रे पहनूँगी.”

“ग्रे भी अच्छा रंग है,” मी म्हटलं.

तिने खांदे आत ओढून घेतले होते, जितकं लहान होता येईल तितकं होऊन उभी होती. अशा खांद्यांचं माप घेता येत नाही. घेतलं तर कुर्ता तसाच होतो, आणि मग माणूसही.

मी टेप तिच्या पाठीवर ठेवली आणि म्हटलं, “सीधी खड़ी रहो.”